खूण कुठं, दोष कुठं

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीत एक निवृत्त हवालदार राहतात. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. फौजेतला माणूस म्हणून पोरं त्यांच्याकडे लढाईच्या गोष्टी ऐकायला जातात आणि जरा हिरमुसूनच परततात. कारण आबा लढाईची गोष्ट सांगत नाहीत. ते आर्मरर होते. पलटणीतलं प्रत्येक हत्यार चालतं ठेवणं हे आर्मररचं काम. जवान सीमेवर उभा असतो तेव्हा हा माणूस मागे, कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, तेलकट टेबलावर वाकलेला असतो. त्याच्या छातीवर शौर्यपदक क्वचितच लागतं. पण ऐन वेळी जवानाची रायफल चालते ती या माणसाच्या जिवावर. आपल्याकडे हत्यार म्हटलं की पराक्रम आठवतो, कोतमधला माणूस कुणाला आठवत नाही. म्हणून ही गोष्ट त्याचीच.

आबा नोकरीला लागले तेव्हा पलटणीत एसएलआर होती, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान .३०३ घेऊन लढले. तिच्यात दर गोळीमागे बोल्ट हातानं मागेपुढे करावा लागे. त्यानंतर हाती आली ती ही ७.६२ मिलिमीटरची एसएलआर. मूळ घडण बेल्जियमची. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेनं परदेशी नमुने अभ्यासून तिचं आपलं रूप बसवलं आणि बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. १९७१चं युद्ध आपल्या पायदळानं याच रायफलीवर लढलं. वीस गोळ्यांचं मॅगझीन, वजन चार किलोंच्या वर, आणि घोडा एकदा दाबला की एक गोळी. पुढची गोळी रायफल स्वतःच भरून घेते.

ती स्वतः भरून कशी घेते, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. गोळी नळीतून पुढे जाताना तिच्यामागचा थोडा गॅस नळीच्या वरच्या एका छिद्रातून निसटतो आणि वर बसवलेल्या दुसऱ्या, बारीक नळीत शिरतो. या गॅसच्या नळीत एक लांब पिस्टन असतो. गॅसचा धक्का बसला की पिस्टन सटकन मागे येतो, रायफलीच्या अंगातल्या एका भोकातून बाहेर डोकावतो आणि आतल्या स्लाइडवर टोला देतो. स्लाइड मागे सरकते, ब्रीच उघडते, खाली खोका, म्हणजे झाडलेल्या गोळीचं रिकामं कवच, बाहेर फेकला जातो. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाता जाता नवी गोळी चेंबरमध्ये बसते. पिस्टनला त्याची स्वतःची स्प्रिंग परत जागेवर नेते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. किती गॅस कामाला लावायचा आणि किती बाहेर सोडून द्यायचा, ते ठरवायला पुढे एक रेग्युलेटर असतो. धूळ, चिखल, थंडी पाहून तो फिरवायचा असतो.

आबा तेव्हा विशीतले. शिक्षण पुरं करून एका प्रशिक्षण केंद्राच्या कोतमध्ये नुकतेच आले होते. त्यांच्यावर एक उस्ताद होते, कांगड्याकडचे, केस पिकत आलेले. बोलणं कमी, बघणं फार.

त्या केंद्रात एक रंगरूट होता. अंगानं किरकोळ, पण पळण्यात पहिला. फायरिंगला मात्र त्याचं घोडं अडे. निशाणा चांगला होता, पण जलद फायरला दोन-तीन गोळ्यांनंतर रायफलीत रोक पडायची, म्हणजे ती मध्येच अडायची. खाली खोका बाहेर पडायच्या ऐवजी अर्ध्यावर अडकायचा. रंगरूट हातानं कॉकिंग हँडल ओढायचा, खोका झटकायचा, पुन्हा निशाणा धरायचा, तोवर वेळ संपलेला असायचा. शिकवणाऱ्यांनी कारण लगेच ठरवून टाकलं. ‘पकड ढिली आहे. खांद्याला रायफल घट्ट लावत नाही. घाबरतो.’ त्याला शिक्षा लागली. पाठीवर भरलेला पिठ्ठू, हातात तीच रायफल आणि मैदानाला फेऱ्या. संध्याकाळी तो रायफल कोतमध्ये जमा करायला यायचा तेव्हा खांद्यावर पट्ट्यांचे वळ दिसायचे. एकदा त्यानं दबकत विचारलं, ‘साहेब, रायफलीतच तर काही नसेल ना?’ बरोबरचा हवालदार हसला. म्हणाला, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’

ही म्हण आपण फार सढळ वापरतो. अंगण खरंच वाकडं आहे का, हे बघायला कुणी वाकत नाही.

तक्रार आली म्हणून रायफल आबांच्या टेबलावर आली. त्यांनी पहिला उपाय केला तो सगळे करतात तोच. रेग्युलेटर फिरवून गॅस वाढवला. दुसऱ्या दिवशी रायफल चालली. आबांना हायसं वाटलं. पण रंगरूटाच्या खांद्याला आता दणके जास्त बसू लागले, आणि रायफल तापली की रोक पुन्हा पडू लागली. मग आबांनी पिस्टन काढून उजेडात धरला. त्याच्या दांड्यावर एका बाजूला लांब, चकचकीत रेघ उमटली होती. लोखंड लोखंडाला घासल्याची ती खूण. तरुण माणसाला वाटलं, सापडलं! जिथं घासतंय तिथलं लोखंड कमी करायचं. त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि ती रेघ घासून काढली. हात लागलाच आहे म्हणून पिस्टनचं पुढचं डोकंही चांगलं उजळून टाकलं. पिस्टन आरशासारखा लखलखू लागला.

त्यानंतर रायफल पहिल्यापेक्षाही वाईट चालू लागली. पहिल्याच गोळीला रोक.

उस्तादांनी पिस्टन हातात घेतला, बोटांनी चाचपला, आणि काही न बोलता बाजूला ठेवून दिला. तो आता कामाचा राहिला नव्हता. डोक्याची जाडी कमी झाली की गॅस त्याच्या कडेनं निसटतो, धक्का निम्मा होतो. एका दोषाचे दोन दोष झाले होते. उस्ताद रागावतील असं आबांना वाटलं. उस्तादांनी विचारलं एवढंच, ‘तू खूण पुसलीस. दोष कुठं आहे?’

मग त्यांनी रायफल ओढून घेतली. आधी मॅगझीन काढलं, कॉकिंग हँडल ओढलं, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी पाहिलं, बोट घालूनही पाहिलं. तीस वर्षं हत्यारं हाताळलेला माणूस रोज हे करायचा, रिकामी म्हणून दिलेल्या रायफलीलाही. नंतर पुढचा गॅस प्लग काढला, आणि दुसऱ्या एका चांगल्या रायफलीचा पिस्टन आणायला सांगितला. त्याची स्प्रिंग काढून ठेवली. नुसता पिस्टन गॅसच्या नळीत सोडला आणि रायफलीचं तोंड हळूहळू वर उचललं.

पिस्टननं स्वतःच्या वजनानं सरसर मागे जायला हवं होतं. तो अर्ध्यावर थांबला.

‘आता बघ,’ उस्ताद म्हणाले. त्यांनी पिस्टन पाव वळसा फिरवला आणि पुन्हा सोडला. तिथंच थांबला. आणखी पाव वळसा. तिथंच. आणखी एक. तिथंच. ‘पिस्टन वाकडा असता तर तो फिरवल्यावर अडचणही फिरली असती. कुठं अडला असता, कुठं सुटला असता. इथं पिस्टन बदलला, फिरवला, तरी अडचण जागची हलली नाही. मग अडचण पिस्टनची, की वाटेची?’

त्यांनी मागची स्लाइड आणि ब्रीच काढून घेतली, रायफल खिडकीकडे धरली आणि आबांना पुढच्या बाजूनं गॅसच्या नळीतून बघायला लावलं. नळीच्या टोकाशी रायफलीच्या अंगातलं भोक दिसत होतं. नळी सरळ बसली असती तर त्या भोकाभोवती सगळीकडून सारखी कड दिसली असती. इथं डाव्या बाजूला कड जाड होती, उजव्या बाजूला जवळजवळ नव्हतीच. म्हणजे नळी पुढे घट्ट होती, पण तिचं मागचं टोक केसभर सरकलं होतं. नखाच्या जाडीएवढंही नाही. रायफल कधीतरी गाडीतून पडली असावी, नाहीतर आधीच्या दुरुस्तीत नळी नीट बसवली गेली नसावी. पिस्टन बिचारा सरळ यायचा, आणि वाकड्या वाटेवर दर गोळीला एका बाजूनं सोलवटून निघायचा. चकचकीत रेघ त्याच्या अंगावर उमटली ती त्याच्या दोषाची नव्हती, त्यानं सोसल्याची होती.

‘चाक आसाला घासतंय आणि तू बैलाला चाबूक मारत होतास,’ उस्ताद म्हणाले. गॅस वाढवल्याबद्दल ते एवढंच बोलले.

पुढचं काम सावकाशीचं होतं. ठोकून नळी सरळ करायचा मोह आबांना झाला, उस्तादांनी हातोडीला हात लावू दिला नाही. नळीची पिन काढली, नळी सोडवली, नवी नळी बसवली, पिन मारली. मग पुन्हा नुसता पिस्टन सोडून पाहिला. रायफलीचं तोंड वर केलं की तो मागे जाऊन टक् वाजे, खाली केलं की पुढे. चारी वळशांत एकसारखा. तेव्हा कुठं स्प्रिंग चढवली. तेव्हा कुठं रेग्युलेटर परत त्याच्या पहिल्या जागी आणला. शेवटी रेंजवर नेऊन एकेक गोळी भरून खोका कसा पडतो ते पाहिलं. चहाची वेळ टळून गेली, पण मधली एकही पायरी त्यांनी गाळली नाही.

इथपर्यंतची गोष्ट कारागिरीची. उस्तादांचं मोठेपण मला दिसतं ते यापुढे. रायफल दुरुस्त झाली, वहीत नोंद झाली, काम संपलं असं आबांना वाटलं. उस्तादांनी टोपी चढवली आणि म्हणाले, ‘चल.’ दोघं मैदानावर गेले. रंगरूटांची तुकडी उभी होती. ज्यांनी ‘पकड ढिली’ म्हटलं होतं ते हवालदारही होते. उस्ताद त्यांना बाजूला नेऊन कानात सांगू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. ज्या तुकडीसमोर त्या पोराला भित्रा म्हटलं होतं, त्याच तुकडीसमोर त्यांनी मोठ्यानं सांगितलं, ‘या जवानाची पकड बरोबर होती. रायफलीची गॅस नळी वाकडी होती. ते ओळखायला कोत कमी पडली.’ आपल्या शिकाऊ पोराचं नाव त्यांनी घेतलं नाही. कोत म्हणाले, म्हणजे स्वतःला धरून.

रंगरूट सावधानमध्ये उभा होता, त्यामुळे त्याला डोळे पुसता आले नाहीत. पुढच्या जलद फायरला एकही रोक पडली नाही.

आबा नोकरी करून उंद्रीला परतले. इकडे सोयाबीन, कपाशी, तूर, आणि रब्बीला हरभरा-गहू. हातात कसब होतं, रिकामं बसवेना. घराच्या पडवीत फवारणीचे पंप, पेरणीयंत्राचे दांडे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागले. गिऱ्हाईक घाईत असतं. ‘आबा, वायसर बदला अन् द्या.’ आबा पान्याला हात लावायच्या आधी विचारत, ‘कधी बंद पडते? सुरुवातीले की तापल्यावर? भरली टाकी असली की रिकामी?’ लोक वैतागत, पण पंप तिथंच आणत.

एका हिवाळ्यात त्यांचा पुतण्या तणतणत आला. त्याचा मुलगा दहावीत. शाळेतून निरोप आला होता की पोरगं वर्गात झोपतं, वह्या अपुऱ्या, चाचणीत दोन विषयांत नापास.

‘आबा, या पोट्ट्याचं काय करू सांगा. मोबाइल काढून घेतला. क्लास लावला. काल तर दोन ठेवून देल्या. काही उपेग नाही.’

‘रोज झोपते का वर्गात?’

‘रोजच झोपत असंन.’

‘असंन म्हणू नको. गुरुजीले इचारून ये, कोण्या कोण्या तारखेले झोपला.’

पुतण्याला हे आवडलं नाही. पोराला मारायचं की नाही ते विचारायला तो आला होता, तारखा आणायला नव्हे. पण आबांचा शब्द मोडायची घरात पद्धत नव्हती. तो शाळेत गेला. वर्गशिक्षक नोंदी ठेवणारे निघाले, त्यांनी डायरीतून तारखा उतरवून दिल्या. घरी भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर पुतण्यानंच पेननं लिहून ठेवलेलं असायचं, कोणत्या आठवड्यात शेताची लाइन, म्हणजे वीज, दिवसा, कोणत्या आठवड्यात रात्री. आबांनी तारखा वाचायला सुरुवात केली आणि पुतण्याला कॅलेंडरवर बोट ठेवायला सांगितलं.

पहिली तारीख रात्रीच्या लाइनीच्या आठवड्यात पडली. दुसरी, तिसरी, चौथी त्याच आठवड्यात. मग पुढचा सगळा आठवडा कोरा. त्या आठवड्यात थ्री-फेज दिवसा होती. त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा तारखाच तारखा. पुतण्याचं बोट हळू होत गेलं.

पाणी द्यायला रात्री मळ्यात कोण जात होतं, हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. पुतण्याची कंबर त्या वर्षी धरली होती. हरभऱ्याला पाणी तर द्यावंच लागतं. लाइन बारा-एकला यायची, पोरगं बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, मोटार चालू करायचं, पहाटेपर्यंत बारे फोडत राहायचं. अंधारात रानडुकरं, वाफ्यात साप, पायात थंड चिखल. सकाळी तेच पोरगं दप्तर घेऊन शाळेत. विदर्भातल्या किती घरांत हे असं चालतं! शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी इथं पिढीएवढी जुनी आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली ती याचसाठी. पण जिथं दिवसाची लाइन अजून पोचलेली नाही तिथं रात्र कुणी ना कुणी जागतोच, आणि पुष्कळदा तो घरातला सगळ्यांत लहान धडधाकट हात असतो. असल्या जागरणाची नोंद शाळेच्या कुठल्याच रकान्यात होत नाही. तिथं लागतो तो ‘लक्ष नाही’ हा शेरा.

‘मले वाटलं, दहावीच्या पोराले एवढं जागरण सोसते,’ पुतण्या म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. ‘मी त्याच्या वयाचा व्हतो तवा मीबी जायचो.’

‘तू शाळा कवा सोडली?’ आबांनी विचारलं.

पुतण्यानं उत्तर दिलं नाही. त्यानं शाळा दहावीतच सोडली होती. तेव्हाही त्याच्या वडिलांना, म्हणजे आबांच्या भावाला, कुणीतरी सांगितलं होतं की पोराचं डोकं चालत नाही.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘पोराले मारलं कुठं?’

‘अंगणात. शेजारपाजार पाहत व्हता.’

‘अन् शाळेत त्याच्याबद्दल काय बोलून आला?’

‘म्हटलं, गुरुजी, आळशी हाय, तुम्हीबी हाणा.’

‘मग शाळेतबी जा लागंन, अन् अंगणातबी बोला लागंन. मनातल्या मनात नको.’

बापाला मुलासमोर चूक कबूल करणं सोपं नसतं. शेजाऱ्यांदेखत तर नाहीच. पुतण्यानं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे दोघे चहाला अंगणात बसलेले असताना त्यानं मुलाला हाक मारली आणि म्हणाला, ‘रातच्या लायनीवर आजपासून मी अन् शेजारचा काका पाळीनं जाऊ. तुह्यावर मी उगीच हात टाकला.’ मुलगा बावरला. त्याला काय बोलावं कळेना, म्हणून तो म्हैस सोडायला गोठ्यात गेला.

सोमवारी पुतण्या त्याच्याबरोबर शाळेत गेला. प्रार्थना संपून मुलं वर्गात बसली होती. दारातच उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यानं वर्गशिक्षकांना सांगितलं की पोरगं आळशी नाही, त्याला रात्री शेतात मीच पाठवत होतो. शिक्षकांनी डायरी उघडली. मग मान वर करून वर्गाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आणखी कोण कोण जातं रात्री पाणी द्यायला?’

मागच्या बाकांवरून हात वर येऊ लागले. शिक्षकांनी ते मोजले, नावं लिहून घेतली, आणि पुतण्याला म्हणाले, ‘तुमच्याकडच्या लाइनीचा पुढच्या महिन्याचं टाइमटेबल मला आणून द्या. चाचण्या दिवसाच्या आठवड्यातच घेतो.’